बारा पावलांचा आडोसा

साळवेमामांची आणि माझी खरी ओळख माझ्या बायकोने त्यांच्या डोक्यावर तांदळाचं धुवण ओतलं तेव्हा झाली.

तसं मी त्यांना लहानपणापासून पाहत होतो. श्रीरामपुरात पाटाच्या कडेला आमची जुनी कॉलनी आहे. तिच्या एका टोकाला त्यांचं घर आणि मधोमध आमचं. पण एखादा माणूस गल्लीत रोज दिसणं वेगळं आणि तो सकाळी पावणेसातला आपल्याच कंपाउंडात, आपल्याच मेंदीच्या कुंपणामागे उकिडवा बसलेला सापडणं वेगळं. सुनंदा नेहमीसारखी पातेलं घेऊन मेंदीला धुवण घालायला गेली. तिने ओतलं, आणि मेंदी म्हणाली, "अकरा मिनिटं."

सुनंदाने पातेलं टाकून जी किंकाळी फोडली ती स्टेशनपर्यंत गेली असावी. मी अर्ध्या गालाला फेस घेऊन बाहेर आलो. मेंदीतून पंचाहत्तरीचा एक उंच, ताठ माणूस हळूहळू उभा राहत होता. मिशीला तांदळाचे दोन दाणे चिकटले होते. त्यांनी आधी मनगटावरचं घड्याळ पुसलं, मग चेहरा.

"सहा चौतीसला मी आत आलो," ते म्हणाले. "सहा पंचेचाळीसला तुझ्या बायकोने मला भिजवलं. पाहिलं नाही, नुसतं भिजवलं. अकरा मिनिटांत चोर काय काय नेईल, सांग."

"मामा, तुम्ही इथं काय करताय?"

"मी इथं नाहीच. सदर इसम अज्ञात आहे." त्यांनी खिशातून ओली डायरी काढली. "घर नापास. मेंदी कमरेइतकी छाटायची. पुढच्या सोमवारी पुन्हा परीक्षा."

आणि फाटक नीट लावून ते शेजारच्या पाठक काकूंच्या जास्वंदीमागे जाऊन बसले.

मामा म्हणजे पोलीस खात्यातले निवृत्त हवालदार. पण चोर पकडणारे नव्हेत, लिहिणारे. खात्यात अशा माणसाला रायटर म्हणतात. तीस वर्षं त्यांनी घरफोड्यांचे पंचनामे लिहिले. चोर घरात शिरून निघून गेला, की साहेब आत पाहायचे आणि मामा बाहेर अंगणात उभं राहून लिहायचे, चोर कुठून आला, कशाआड थांबला, कशावर पाय ठेवला. असं लिहून लिहून त्यांची भाषाच पंचनाम्याची झाली. भाजी आणायला गेले तर म्हणायचे, "सदर मेथी आज रोजी ताजी दिसून येत नाही." नातवाच्या बारशाला त्यांनी पाळण्यात डोकावून जाहीर केलं, "बालक रंगाने सावळे, बांधा मजबूत, डाव्या गालावर तीळ."

आणि तीस वर्षांनी त्यांना जे ज्ञान झालं होतं ते एका शब्दात मावत होतं. आडोसा.

"चोर कुलपाला भीत नाही," ते आमच्या ओट्यावर बसून सांगायचे. "कुत्र्याला भाकरी टाकतो. कॅमेऱ्याला रुमाल दाखवतो. चोर भितो तो भांडी घासताना मान वर करणाऱ्या बाईला. म्हणून तो असं घर बघतो, जिथं बाईची मान वर झाली तरी मध्ये भिंत आहे. तुम्ही लोक सात फुटी भिंत बांधता आणि म्हणता, आता आम्ही सुरक्षित. अरे, भिंतीवरून उडी मारायला चोराला एक मिनिट. त्यानंतर तीच भिंत त्याची. आत बसून डबा खाईल तो."

गल्लीतल्या शेळक्यांनी हौसेने चार कॅमेरे बसवले तेव्हा मामा बघायला गेले, चहा प्यायले आणि निघताना म्हणाले, "छान. चोरी कशी झाली ते आता रंगीत दिसेल."

ज्ञानाबरोबर एक हत्यारही होतं. बाभळीची काठी. तिच्यावर लाल रंगाचे दोन पट्टे मारलेले. एक कमरेच्या उंचीवर, दुसरा डोक्याच्या. खालच्या पट्ट्यापेक्षा झुडूप किंवा भिंत उंच नको, वरच्या पट्ट्यापेक्षा झाडाची फांदी खाली नको. मधली सगळी जागा नजरेची. "कमरेपासून डोक्यापर्यंत सरकारी जमीन समजा," ते म्हणायचे. "तिथं अतिक्रमण नको."

आता तुम्हाला वाटेल, अशा माणसाकडे लोक दुर्लक्ष करत असतील. आम्हीही करून पाहिलं. पण ज्या माणसाला काही नको असतं आणि जो रोज येतो, त्याच्यापुढे फार दिवस टिकता येत नाही. शिवाय नापास होणं कोणाला आवडत नाही. पाठक काकूंना तर अजिबात नाही, त्यांच्या घरात तीन पिढ्यांत कोणी नापास झालेलं नव्हतं. त्यांनी जास्वंद छाटली, भाजी निवडायची पाटी मागच्या दाराहून पुढच्या ओट्यावर आणली आणि पुढच्या सोमवारी मामा आंब्याच्या बुंध्याआड बसताक्षणी आतून ओरडल्या, "दिसलात हो साळवे, या चहाला." मामांनी डायरीत लिहिलं, चार सेकंद. काकूंनी तो आकडा नगरला लेकीला फोन करून कळवला.

मग चढाओढच लागली. शेळक्यांचे आजोबा मागच्या खोलीत पडून असायचे, त्यांची खाट पुढच्या खिडकीशी आली. मी मेंदी छाटली. कोणी ओट्यावर बाकडं टाकलं, कोणी पत्र्याचं फाटक काढून जाळीचं बसवलं. वर्ष-दीड वर्षात आमची गल्ली अशी उघडी-वाघडी झाली, की कोणाकडे कोणती भाजी आहे ते चालता चालता कळायचं. भांडणंसुद्धा सुधारली. अख्खी गल्ली बघतेय म्हटल्यावर नवरा-बायको दमाने, चांगले मुद्दे काढून भांडायला लागले.

मामांचा सगळ्यात मोठा प्रयोग मात्र माझ्या घरावर झाला. माझ्या भिंतीवरून गच्चीचं पाणी उतरणारा पाइप आहे. मामांचं म्हणणं, त्यावरून चोर चढेल. माझं म्हणणं, चढणार नाही. हा वाद मी एका रविवारी जरा जास्त ताणला. चूक माझीच. मी दुपारी झोपून उठलो तर खिडकीबाहेर सज्ज्यावर दोन काळे बूट.

"मामा?"

"चढता येतं," वरून आवाज आला. "सिद्ध झालं."

"मग उतरा की."

बूट जरा मागे सरकले. "उतरण्याबाबत अद्याप काही निष्पन्न झालेलं नाही."

गल्ली जमली. शिडी कोणाकडे आहे यावर चर्चा सुरू झाली. शेळके म्हणाले, "मामा, आता आमचे कॅमेरे बरे वाटतात ना?" मामा सज्ज्यावर ताठ बसून राहिले, जणू बसायलाच गेले होते. तेवढ्यात साळवेबाई आल्या. मामांची बायको. तिसरीच्या वर्गाच्या बाई. माझ्याही बाई, आणि या गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या. हातात पर्स, छत्री, सुती पातळाला पिन. त्यांनी वर पाहिलं. आश्चर्य नाही, घाबरणं नाही.

"उतर खाली," त्या म्हणाल्या. "शाळा सुटली."

आम्ही इतके हसलो, की पाठक काकूंना ठसका लागला. मामाही हसले. पण जरा उशिरा. हे मला नंतर आठवलं.

मामांच्या साम्राज्यात एकच बंडखोर उरला होता. थेटे अण्णा.

थेटे मूळचे पुणतांब्याचे, बाजारात बी-बियाण्यांचं दुकान. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, अगदी कोपऱ्यावर त्यांचा बंगला. त्या बंगल्याला सात फुटी भिंत आणि भिंतीवर फुटक्या काचा रोवलेल्या. त्या काचा कोणत्या बाटल्यांच्या, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. या भिंतीला वळसा घालून रस्ता शाळेकडे जातो. वळलं, की बारा पावलं चालणारा माणूस कोणालाच दिसत नाही. तेराव्या पावलाला समोर किराण्याचं दुकान आणि पुढे शाळेचं फाटक. पण या बारा पावलांच्या मध्येच डावीकडे पाटाची पायवाट फुटते.

ही बारा पावलं मामांनी किती वेळा मोजली असतील. काठी टेकत जायचे, टेकत यायचे.

"थेटे, चार फूट खाली घ्या. फक्त कोपऱ्यावरची. मी गवंडी आणतो."

"कशापायी? भिताड माजं, जागा माजी."

"आडोसा होतो."

"आडोशासाठीच बांदलंय की. मामा, तुमाला ही बारा पावलं चालायला जड जात्यात व्हय? खुर्ची टाकू का मधी?"

मामा एरवी कोणाच्या टोमण्याला हरत नसत. इथे मात्र ते मऊ व्हायचे. "विचार करा," एवढंच म्हणायचे. मग त्यांनी परीक्षेचा मार्ग धरला. एका सकाळी फाटक उघडं पाहून आत शिरले आणि भिंतीच्या आतल्या बाजूला, खताच्या गोण्यांमागे दडून बसले. थेटेंनी त्यांना पहिल्या मिनिटालाच पाहिलं होतं. पण अण्णाही पक्के. काही न बोलता त्यांनी दाढी केली, नाश्ता केला, बायको माहेरी गेलेली होती, म्हणून घराला कुलूप लावलं, फाटकाला कुलूप लावलं आणि मोटारसायकल काढून दुकानाला निघून गेले.

मामा आत दोन तास. बाहेरून गल्ली जातेय, येतेय. मामा हाका मारताहेत. सात फुटी भिंतीतून हाक बाहेर येते ती कुठून येतेय ते कळत नाही. मीही तिथून गेलो आणि मला वाटलं, कोणाच्या तरी टीव्हीवर कीर्तन चाललंय. शेवटी मामांनी काठीला रुमाल बांधून काचांवर फडकवला, तेव्हा कोणीतरी थेटेंच्या दुकानातून किल्ली आणली.

संध्याकाळी थेटे सगळ्यांना सांगत होते, "बघा, आमच्या भिताडाची करामत. चोर आत गेला तरी भायेर येत न्हाई."

गल्ली हसली. मामा हसले नाहीत. सदर भिंत, सदर आडोसा, असलं काही बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा पावलं मोजताना दिसले.

मला खरा संशय आला तो त्यानंतर. आमच्या मागच्या गल्लीत चोरी झाली. पाण्याची मोटर आणि गॅसची टाकी गेली. मला वाटलं, आता मामा मिशीला तूप लावून येतील. मागची गल्ली म्हणजे आडोशांचं आगर. करंजाची झाडं, पत्र्याची फाटकं, एका घरापुढे तर विटांचा ढीग पाच वर्षं उभा. मामा गेले, पाहिलं, विटांच्या ढिगाकडे मान हलवली आणि परत आले.

"काठी नाही नेली?" मी विचारलं.

"तिकडे आपलं काम नाही."

"म्हणजे? चोर तिकडे, आणि छाटणी इकडे? मामा, तुमचा चोर फक्त आमच्याच गल्लीतून जातो काय? तेही तुमच्या घरापासून थेटेंच्या कोपऱ्यापर्यंत?"

मी हे मजेत म्हटलं. पण मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं पाठक काकूंनी त्यांना आंब्याआड पाहिलं होतं. चार सेकंद.

"तू दुकानात कधी असतोस?" त्यांनी विचारलं.

माझं मेन रोडला चष्म्याचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा बाईंना घेऊन आले. बाई खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर. मी अक्षरांचा तक्ता लावला. त्यांनी तो सरळ वरून खालपर्यंत वाचला, शेवटची ओळसुद्धा. या वयात इतकी नजर मी पाहिलेली नाही. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला चष्मा काय, मला तुमचे डोळे द्या."

बाईंनी तक्त्याकडे बोट केलं. "आता तू वाच."

मी हसत हसत वाचलं.

"नाव काय तुझं?"

"बाई, मी दिलीप. दिलीप रामनाथ."

"दिलीप, वर्गात दात काढायचे नाहीत. उद्या वडलांना घेऊन ये."

माझे वडील जाऊन नऊ वर्षं झाली. अंत्यविधीनंतरच्या पिठल्याच्या जेवणाला बाई आमच्याकडे बसल्या होत्या. मी मामांकडे पाहिलं. मामा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, फार लक्षपूर्वक.

माझी मदतनीस मुलगी बाईंना चष्म्याच्या फ्रेमा दाखवायला लागली, आणि मामा माझ्या काउंटरशी आले. आवाज हळू.

"डोळे ठीक आहेत, हे मला माहीत होतं. तुला कळावं म्हणून आणली. तू नुसता विचारत बसला असतास."

बाई चौदा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. गेल्या दोन वर्षांपासून त्या रोज दहाला शाळेला निघतात. शाळेच्या आताच्या मुख्याध्यापिका त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या व्हरांड्यात खुर्ची देतात, मुलं भोवती बसतात, तासाभराने घंटा झाली की बाई पर्स उचलतात. निघाल्या, की मुख्याध्यापिका मामांना फोन करतात. आम्ही रोज पाहत होतो आणि आम्हाला वाटत होतं, बाईंना घरी बसवत नाही, म्हणून शिकवायला जातात.

"आधी मी मागे मागे जायचो," मामा म्हणाले. "एकदा तिने वळून पाहिलं. रस्त्यात उभं राहून म्हणाली, मी काय लहान आहे? बरोबर होतं तिचं. मग एक दिवस बाहेरून कुलूप लावलं. ती आतून कडी वाजवत होती. तीस वर्षं कडी-कोयंडे लिहिले, दिलीप. त्या दिवशी आवाज ऐकला."

मी काउंटरवरची स्वच्छ काच पुन्हा पुसली.

"कुलूप काढलं. म्हटलं, ती जाईलच. तर मग निदान कोणाला तरी दिसत जावी. एकाला दिसायची थांबली, की दुसऱ्याला दिसावी. अकरा घरं. पाठक काकूंची जास्वंद, तुझी मेंदी, शेळक्यांची खिडकी. लोकांना मान वर करायची सवय लागावी, म्हणून मी आडोशाला बसत होतो. ते सगळं झालं. आता ती बारा पावलं तेवढी राहिलीत. तिथं ती कोणालाच दिसत नाही. आणि तिथंच पाटाची वाट आहे."

"मामा, मग थेटेंना सांगा ना सरळ."

"नाही." ते पहिल्यांदा हवालदारासारखे बोलले. "अर्ध्या गावाला पाढे शिकवलेत तिने. उद्या हेच लोक तिला बिचारी म्हणतील. चोराचं नाव काढलं, की लोक भिंत पाडतात. चोराचंच चालू दे."

मला घरी, दुकानात, चहाच्या टपरीवर, जिथे मिळेल तिथे बोलायची सवय. ते गुपित पोटात ठेवून मी दीड महिना काढला. सुनंदाने दोनदा विचारलं, पोट बरंय ना.

मग एका बुधवारी बाई दहाला निघाल्या. पाठक काकूंनी पाहिल्या. मी माझ्या कमरेइतक्या मेंदीपाशी उभा होतो, मी पाहिल्या. शेळक्यांच्या आजोबांनी खिडकीतून हात केला. बाई थेटेंच्या कोपऱ्याला वळल्या. पंधरा मिनिटांनी मामा आपल्या फाटकातून बाहेर आले. शाळेतून फोन होता, बाई आल्या नाहीत.

पंचाहत्तर वर्षांचा माणूस गुडघे दुखत असताना पळतो कसा, ते मी त्या दिवशी पाहिलं. मी चपला न घालता त्यांच्यामागे. पाटाला तेव्हा आवर्तन सुटलेलं होतं, काठोकाठ पाणी. पायवाटेवर कोणी नव्हतं. मामांनी पाण्याकडे पाहिलं नाही. पाहायचं टाळलं. ते नुसते म्हणत होते, "बारा पावलं. बारा पावलं."

आणि भिंतीच्या आतून आवाज आला.

"सतरा पंचे पंच्याऐंशी. सतरा सक... सतरा सक..."

थेटेंचं फाटक उघडं होतं. आत ओट्यावर बाई बसल्या होत्या, ताठ, छत्री आडवी मांडीवर. समोर जमिनीवर मांडी घालून, हाताची घडी घालून थेटे अण्णा. नव्वद किलोचा माणूस. कपाळावर घाम.

"सतरा सक किती?" बाईंनी विचारलं.

"बाई, आमी चवथीलाच शाळा सोडली."

"उद्या पाठ करून ये."

आम्हाला पाहून थेटे उठले आणि मामांना फाटकाशी घेऊन आले. आवाज इतका खाली, की हा माणूस असा बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"पाटावर हुत्या. अगदी कडंला. मी मळ्याकडून येत हुतो, गाडी थांबवली. मला म्हनल्या, वर्गाच्या भायेर काय करतोस? मी म्हनलो, चुकलो बाई. म्हनल्या, चल. तसा आलो मागं मागं." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. मग भिंतीकडे पाहिलं. मग मामांच्या काठीकडे. "लई दिस मोजताय तुमी ही बारा पावलं."

बाईंनी छत्री उघडली आणि म्हणाल्या, "चला, उशीर झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी घणाच्या आवाजाने गल्ली जागी झाली. थेटे स्वतः, बनियनवर, भिंत पाडत होते. पाठक काकूंनी विचारलं, "अण्णा, हे काय?"

"हवा येत न्हाई घरात," थेटे म्हणाले. "बायकू तक्रार करती."

"बायको पुन्हा माहेरी गेलीय ना?"

"फोनवर करती."

मामा काठी घेऊन आले. काठी भिंतीला लावली. खालच्या लाल पट्ट्याच्या वर एक वीट उरली होती. थेटेंनी ती हाताने काढली. काचा पोत्यात भरल्या. मग मामा बारा पावलं चालत गेले आणि वळून थांबले. मी माझ्या दारातून पाहत होतो, काकू त्यांच्या ओट्यावरून. मधे काहीही नव्हतं, कमरेपासून डोक्यापर्यंत मामा.

"दिसतंय का?" ते तिकडून म्हणाले.

"दिसतंय," थेटे म्हणाले. "मिशी सुदिक."

तेव्हापासून मामा कोणाच्या झुडपात बसत नाहीत. परीक्षा बंद. दहाला ते आपल्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. बाई निघतात. आमच्यापैकी कोणी कोणाला काही सांगितलेलं नाही, शपथ. पण काकू भाजी निवडता निवडता हात वर करतात, "हजर, बाई." मग मी. मग शेळक्यांचे आजोबा. शेवटच्या कोपऱ्यावर थेटे उभे असतात आणि "सतरा सक एकशे दोन" एवढं घाईने म्हणून दुकानाला जातात. बाई मान डोलावतात आणि शाळेकडे वळतात. पाहणारे वाढलेत, कारण हल्ली मागच्या गल्लीतले काही जण सकाळी दहाला आमच्या गल्लीत काही काम काढून येतात. त्यांनी विटांचा ढीगही हलवलाय.

गेल्या आठवड्यात बाई माझ्या मेंदीपाशी थांबल्या. मला वाटलं, आता पाढा. त्यांनी मागे, आपल्याच घराच्या ओट्याकडे पाहिलं.

"दिलीप, ते हवालदार रोज तिथे बसून असतात," त्या म्हणाल्या. "माझ्याकडेच बघत असतात."

"हो, बाई."

"चांगला माणूस दिसतो. एकटाच असतो बिचारा. त्यांना चहा देत जा."

आणि त्या गेल्या. शेळक्यांच्या आजोबांचा हात वर झाला, कोपऱ्यावर एकशे दोन झालं.

मी चहा केला. सुनंदाला न सांगता, त्यामुळे साखर जास्त पडली. कप घेऊन मामांच्या ओट्यावर गेलो. मला वाटलं होतं, सांगू नये. पण मी सांगितलं. न सांगता माझ्याच्याने राहवत नाही, आणि लोक ज्यांना बिचारी म्हणतील म्हणून ते भीत होते त्या बाईंनीच तो शब्द त्यांच्यासाठी वापरला, हे त्यांना कळायलाच हवं होतं. मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, म्हणजे मला जमलं. "आज रोजी दहा वाजून चार मिनिटांनी साळवेबाईंनी समक्ष सांगितलं, की सदर हवालदार रोज बघत बसतो. चांगला माणूस दिसतो. एकटाच असतो बिचारा. त्याला चहा द्यावा."

मामांनी कप खाली ठेवला. त्यांनी गल्लीकडे पाहिलं. कोपऱ्यावर आता फक्त थेटेंची गोकर्णीची वेल होती, लाल पट्ट्याच्या खाली.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "शब्द बदलू नकोस."

मी पुन्हा सांगितलं.

त्यांनी खिशातून डायरी काढली. धुवणाच्या डागाचं पान उलटून पुढचं कोरं पान काढलं आणि पेनासकट माझ्यापुढे धरलं.

"लिहून दे," ते म्हणाले. "आणि खाली सही कर. पंच म्हणून."